एकोणीस फूट

वाळूज, ११ ऑगस्ट २०२५

श्री. कडुबा सखाराम साळवे यांस,
जय भीम.

तुम्ही माझा नंबर बंद केला की मी तुमचा, हे आता आठवत नाय. म्हणून स्पीड पोस्टानं लिहिते. पोच माझ्याकडं राहील, पत्राची झेरॉक्स पण राहील. उद्या 'मला कुणी कळवलंच नाय' म्हणायला जागा नको.

गारखेड्याच्या मागच्या आपल्या ओळीतलं सात नंबरचं घर मी विकत घेते आहे. लीलाबाईचं. म्हणजे तुमच्या आठ नंबरच्या भिंतीला भिंत. इसार देऊन झालाय, ऑक्टोबर संपायच्या आत खरेदीखत करायचं ठरलंय. तुम्ही खुलताबादला शाळेजवळ खोली घेऊन राहता, गल्लीतल्या घराला कुलूप, तेव्हा शेजारी कोण येतंय याचं तुम्हाला काय पडलं नसेल. तरी कळवते. कागदावरून माझं नाव काढलं म्हणजे त्या गल्लीतून मी निघाले, असं वाटत असेल तर तसं नाय. वीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढली. म्हातारपण मी जिथं वाढले तिथंच काढणार.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पण ही झेरॉक्स उद्या एखाद्या वकिलानं वाचली तर त्याला कळावं म्हणून लिहिते. १९८९ साली एकाच कंपनीतल्या आठ कामगारांनी एका शेतकऱ्याकडून बाँडपेपरवर आठ प्लॉट घेतले. रस्त्याला वीस फूट, आत तीस फूट. सरकारी मोजणीची फी भरावी लागते म्हणून ती कुणी केली नाय. आपले बाबा टूलरूमला होते, हात नेमका, म्हणून सगळ्यांनी त्यांनाच मोजायला लावलं. शेवटचा, आठवा प्लॉट बाबांचा. पुढं गुंठेवारीत घरं नियमित झाली आणि कागदावर सगळ्यांचं वीस बाय तीस चढलं. २०१९ ला बाबा गेले. त्यांचं पुण्यानुमोदन झालं आणि चौथ्या दिवशी तुम्ही मला रजिस्ट्री ऑफिसात नेलं आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. मी विचारलं, कशापायी? तुम्ही म्हणालात, विचारू नको, सही कर. मी केली. वकीलसाहेब, या ओळीखाली रेघ मारा.

आता मुद्द्याचं. मी कुठलीच गोष्ट मोजल्याबिगर घेत नाय. बावीस वर्षं इन्स्पेक्शनला आहे, रोज लोकांनी बनवलेले, मापात न बसणारे जॉब परत पाठवते. रविवारी टेप घेऊन लीलाबाईकडं गेले. रस्त्याची बाजू मोजायला घेतली. मी टोक धरलं, ती दुसऱ्या कोपऱ्यावर जाऊन वाचायला लागली. म्हणाली, वीस. म्हणाली आणि माझ्याकडं अशी बघत राहिली की तिचं तिलाच पटलं नसावं. मला तिथंच शंका आली. विकणारी तीच आणि वाचणारी पण तीच. म्हटलं, मावशी, तुम्ही टोक धरा, मी वाचते. एकोणीस. परत धरायला लावलं. एकोणीस. म्हातारी माझ्या तोंडावर एक फूट खोटं बोलली.

तिला सांगितलं, आता सरकारी मोजणी आणते. तर तिचा चेहराच उतरला. म्हणाली, "सुले, मोजणीला किती जातंय ठावं हाय का तुला? कशाला पैसा पाण्यात घालती? लोक एवढी वर्षं राह्यले नाय का इथं?" पैसा माझा जाणार आणि काळजी हिला. चहा पण तिनं दोनदा केला. त्या घरात मला लहानपणी कधी एकदा पण चहा मिळाला नव्हता.

तर एक फूट गेला कुठं? सहा नंबरची भिंत जुनीच आहे, बाबांच्या काळातली. तुमच्या बाजूची भिंत तुम्ही चार वर्षांपूर्वी पाडून नवी बांधली. ती बांधताना दोर कुठं लावला होता, हे मला लेखी कळवा.

मोजणीचा अर्ज मी भरलाय. साध्या मोजणीला महिनोन्‌महिने लागतात, तोवर खरेदीखताची मुदत निघून जाईल, म्हणून चौपट फी भरून तातडीची घेतली. माझी दिवाळी त्यात गेली. लगतचे कब्जेदार म्हणून सहा नंबरच्या सांडूभाऊला आणि तुम्हाला नोटीस येईल. ती घ्या, पोस्टमनला परत पाठवू नका.

सुलेखा


वाळूज, ७ सप्टेंबर २०२५

कडुबा,

पोच आली. सही तुमचीच आहे, 'ड'चं शेपूट अजून तसंच लांब काढता. पत्र घेतलं आणि उत्तर नाय, म्हणजे वाचून ठेवून दिलं. ठीक आहे. 'तुम्ही तुम्ही' लिहायचा मला कंटाळा आलाय, आता जसं येतं तसं लिहिते.

नोटिसा निघाल्या आणि ओळीत आग लागली. बुधवारी दुसऱ्या पाळीला मी बसमधून उतरले तर कंपनीच्या गेटवर सांडूभाऊ उभा. गारखेड्याहून वाळूजपर्यंत मोटरसायकलवर आला, या वयात. मला वाटलं कुणीतरी गेलं.

म्हणाला, "सुले, अर्ज मागं घे."

म्हटलं, का? तुमची भिंत तर जुनी आहे. तुम्हाला कशाची भीती?

"माझ्या भिंतीचं नाय. एक घर मोजलं की आख्खी ओळ मोजावी लागती. पहिल्यापासून वीस-वीस मोजत आले की माझं घर पाच फूट पाचव्याच्या जागंत निघतंय. तू घेती ते घर सहा फूट माझ्या जागंत. आन्‌ तुझ्या भावाच्या घरातलं सात फूट तुझं. सांग, कुणाची भिंत पाडायची आधी?"

मला काय कळेना. तो म्हणाला, "तुला खरंच ठावं नाय व्हय? मग तूच मोज."

रविवारी मी मोजलं. कुणाला धरायला दिलं नाय, कुणावर भरवसा नाय. टेपच्या टोकाचा हूक खिळ्याला अडकवायचा आणि स्वतः जाऊन वाचायचं. एक नंबर, एकोणीस. दोन नंबर, एकोणीस. तीन नंबरवाल्यांनी दार लावून घेतलं, मी रस्त्यावरून मोजलं, एकोणीस. आठी घरं एकोणीस. तुझं पण एकोणीसच. म्हणजे तुझ्या भिंतीनं काय खाल्लेलं नाय. ही एक गोष्ट मी मागं घेते, झेरॉक्सवर पण तसं लिहून ठेवते.

पण मग तुझ्या घराच्या पलीकडं, कंपाउंडच्या आत, सीताफळाच्या झाडांची ती मोकळी पट्टी. ती मी शेवटी मोजली. आठ फूट. आठ घरांचे आठ फूट तिथं गोळा होऊन पडलेत, बाबांच्या अंगणात.

सांडूभाऊ माझ्यामागं उभाच होता. म्हणाला, "तुझ्या बापानं फुटाफुटानं ओळ खाल्ली, पोरी. मोजायला आम्हीच सांगितलं, फुकटात होतंय म्हणून. सरकारी मोजणीची फी वाचवली आन्‌ फूट-फूट जमीन गमावली. घरं बांधून झाल्यावर कळलं. तवा तकरार केली असती तर समद्यांचीच घरं पडली असती. गप बसलो. पर त्याच्या घरचं पाणी नाय प्यालो परत."

दादा, मला एक-एक गोष्ट आठवायला लागली. बाबा दर दिवाळीला त्या झाडांची सीताफळं उतरवून सात टोपल्या भरायचे आणि सात घरी स्वतः नेऊन द्यायचे. मला वाटायचं, माझा बाप किती दिलदार. आणि दुसऱ्या दिवशी तीच सीताफळं शेळ्यांपुढं पडलेली दिसायची. मी आईला विचारलं होतं, ती म्हणाली, त्यांना आवडत नसतील. बाबा गेले तेव्हा ओळीतलं एक माणूस खांद्याला आलं नाय. मी म्हटलं, तूच कुणाशी भांडला असशील. सहा वर्षं तेच धरून बसले.

आता मला वेगळंच दिसतंय. तुला सगळं ठाऊक होतं. आठ फुटांचा ऐवज दोघांत वाटायला नको म्हणून तू माझी सही घेतली. रस्त्याला लागून आठ बाय तीसची पट्टी, आजच्या भावानं काय होते ते मी लिहीत नाय, तूच लाव हिशेब. असं नसेल तर सांग, कसं आहे.

बाबांबद्दल मला खरं पाहिजे. तुझ्याबद्दल मी काय पण वाईट ऐकायला तयार आहे. त्यांच्याबद्दल नाय.

सुलेखा


वाळूज, २८ सप्टेंबर २०२५

दादा,

तीस ऑक्टोबरची तारीख पडली मोजणीची. तुला पण आली असेल.

लीलाबाईनं निरोप पाठवलाय, मोजणी झाली तर घर विकणार नाय, इसार परत घेऊन जा. तिची चूक नाय, सगळी ओळ तिच्यामागं लागली आहे. म्हणजे अर्ज ठेवला तर घर गेलं. मागं घेतला तर घर मिळतं आणि बाबा चोर राहतात, आणि मी त्या चोराची पोरगी म्हणून ओळीत राहायला जाते, रोज सकाळी सहा दारांसमोरून.

मला जास्त लिहायचं नाय. एका शब्दात कळव. बाबांनी मुद्दाम केलं का?

सुलेखा


वाळूज, १४ ऑक्टोबर २०२५

दादा,

तुझं कार्ड आलं. सहा वर्षांत तुझ्या अक्षरातलं पहिलंच. ते मी इथं परत उतरवते. सवयीनं म्हण, नाहीतर मला अजून खरं वाटत नाय म्हणून.

"सुलू, बाबांनी खाल्लं नाय. टेप तू धरला होतास. बाबांनी त्या दिवशी कंपनीतून नवा टेप आणला होता. आपलं घर बांधायला घेतलं तवा आठ फूट उरले, मग त्यांना उमगलं. तोवर ओळीतली बाकीची घरं उभी राहिली होती. मला शेवटच्या आजारात सांगितलं. म्हणाले, ओळ एक दिवस कोर्टात जाईल, तिचं नाव कागदावर नको. आणि तिला हे कधी कळू देऊ नको. मी मोजणीला येणार नाय. कडुबा."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तुझा लई राग आला. म्हटलं, बापाला वाचवायला नऊ वर्षांच्या पोरीला पुढं करतोय. मेलेल्या माणसाचं नाव घेऊन काय पण लिहिता येतं. कार्ड दोन दिवस तसंच टेबलावर पडलं होतं.

मग तो जुना टेप आठवला. आपल्या घरातला, भंगारातून आणलेला. त्याचा पहिला फूट चेमटलेला होता, आकडे पण पुसलेले. म्हणून आपण तो एकच्या आकड्यावर धरायचो आणि जे येईल त्यातून एक वजा करायचो. बाबा दुसऱ्या टोकावरून म्हणायचे, 'एकावर धर.' कपाट, पलंग, आईच्या ओट्याची फरशी, सगळं आपण एकावर धरून मोजलं. मला टेप धरायचा असतो तो एकावरच, एवढंच माहीत होतं. शून्य कशाला असतं, ते मला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या दिवशीचं पण आठवलं. नवा टेप पिवळा होता, आकडे लाल. तू चुन्याच्या फक्कीचं घमेलं घेऊन फिरत होतास. बाबा खुंट्या ठोकत होते. त्यांनी 'एकावर धर' म्हटलं नसणार, नव्या टेपला ते म्हणायचं कारण नव्हतं. त्यांनी वीस वाचलं आणि खुंटी ठोकली. वीस फुटांवरून त्यांना माझा अंगठा कसा दिसणार? आठ वेळा धरला मी. शेवटी त्यांनी मला लिमलेटची गोळी दिली आणि सगळ्या कामगारांपुढं म्हणाले, हात बघा पोरीचा, जरा हलला नाय.

तरी माझी खात्री होईना. आठवणीवर माझा भरवसा नाय. परवा कंपनीतून आल्यावर टेप काढला, टोक दाराच्या चौकटीला लावायचं ठरवलं आणि डोळे मिटले. काय विचार न करता धरला. डोळे उघडले तर अंगठा एकावर होता.

मग आठवलं, दादा, लीलाबाई. पहिल्या दिवशी मी टोक धरलं होतं आणि तिनं वीस वाचलं होतं. ती खोटं बोलली नव्हती. तिला ठाऊक होतं तिचं घर एकोणीस आहे, वीस वाचून तीच चमकली होती. आणि मी तिला लबाड ठरवलं, तिच्या चहात पण खोट काढली. रोज नव्या पोरींना शिकवते, व्हर्नियर हातात घेतलं की आधी जबडे मिटवून शून्य बघा, मग जॉबला हात लावा. कंपनीत टेप कधी लागत नाय, सगळं व्हर्नियरवर चालतं. नाहीतर बावीस वर्षांत कुणीतरी मला धरलं असतं.

आता तुझ्यावरचा राग. तो गेला नाय, फक्त जागा बदलली त्यानं. बाबांनी लहान पोरीपासून लपवलं, ते समजू शकते. मी रडत बसेन, हे त्यांना नको होतं. पण मी चाळिशीची झाले होते दादा, माझ्या हातात तू पेन दिलंस आणि म्हणालास विचारू नको. एक वाक्य सांगितलं असतं तर मी चार ठिकाणी सह्या केल्या असत्या. तुम्ही दोघांनी मिळून मला वाचवलं आणि त्या पायी मला बाप पण मिळाला नाय, भाऊ पण नाय. ओळीतल्या लोकांनी तीस वर्षं बाबांना चोर म्हटलं आणि ते सीताफळं वाटत फिरले. ती सीताफळं होती का परतफेड होती, आता कुणाला विचारू?

काल रात्रपाळी नव्हती, संध्याकाळी सरळ सांडूभाऊकडं गेले. लीलाबाईला पण बोलावून घेतलं. पहिल्यांदा मावशीची माफी मागितली, मग टेप काढून एकावर धरून दाखवला. सांडूभाऊ कितीतरी वेळ माझ्या अंगठ्याकडं बघत होता. मग म्हणाला, "म्हंजे सखारामला ठावं होतं आन्‌ त्यानं तुझं नाव घेतलं नाय?" म्हटलं, व्हय. "आन्‌ आमी इतकी वर्षं..." त्यानं टेप माझ्या हातातून घेतला आणि एकचा आकडा बघितला. लीलाबाई तोंडाला पदर लावून बसली होती. त्या घरात मी पाणी प्याले.

मोजणी मागं घ्यायची नाय, असं मी ठरवलंय. अर्ज आता आठ घरांचा करायचा, वरची फी मी भरेन. चूक माझ्या हातची आहे, फी पण माझीच. मोजणीवाले साहेब कागदावरची हद्द दाखवतात तशी जागेवरची वहिवाट पण दाखवतात. वहिवाटीप्रमाणं प्रत्येकानं एकोणीस मानायचं आणि आठी जणांनी चूकदुरुस्तीचा दस्त करायचा. कुणाची वीट हलणार नाय. आणि पट्टी तुझी नाय, बाबांची पण नाय. घरटी एक फूट, आठ घरांची. हे तुला मान्य नसेल तर आत्ताच सांग, पण मला वाटतं असेल. सहा वर्षं तू त्या पट्टीत एक वीट लावली नाय, साधं मोरीचं पाणी सोडलं नाय, हे मी मोजताना बघितलं होतं. तेव्हा मला ते पण संशयाचंच वाटलं होतं.

सांडूभाऊनं एकच अट घातली. तोंडी नाय चालणार. मोजणीच्या वेळी साहेब हजर लोकांचे जबाब घेतात, त्यात मी लिहून द्यायचं, की १९८९ साली टेप मी धरला होता आणि चुकीचा धरला होता. तेवढं झालं तर ओळ दस्तावर सही करेल. कुणीतरी उद्या तोच कागद घेऊन माझ्यावर दावा पण लावू शकतं. लीलाबाई मग घर देईल की नाय, ते पण ती सांगत नाय, पोरांना विचारते म्हणाली. घर कदाचित जाईल. मी हो म्हटलंय. तुझ्या कागदावर न विचारता सही केली होती, ही विचार करून करणार आहे.

तू लिहिलंस की मोजणीला येणार नाय. नोटीस तुला सरकारनं दिली, ती तू टाळू शकतोस. हे पत्र मी देते आहे, याची झेरॉक्स काढलेली नाय.

येताना कंपाउंडची किल्ली आण. सीताफळांचे डोळे उघडलेत, रस्त्यावरून दिसतात. दिवाळी होऊन जाईल, पण चालेल. सात टोपल्या मी बघते. सांडूभाऊ म्हणाला, आमच्या घरची पहिली दे.

साहेबांकडं आता यंत्र असतं, टेप लागत नाय. तरी मी घेऊन येणार आहे. जबाब देण्याआधी आठी घरांसमोर मी एकावर धरून दाखवणार, मग शून्यावर. टोक मी धरते. बाबांच्या जागी उभं राहून वाचायला तू ये.

तुझी सुलू